स्टार्टअपची बातमी छापून आणायची तर: पहिल्या कागदापासून खुलाशापर्यंत

नवा स्टार्टअप काढलेल्या माणसाचा प्रसिद्धीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओळखीचा कुणी पत्रकार आहे का?" इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेत, हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय की उत्तर एकदाचं लिहून ठेवावं म्हटलं. एका छोट्या उत्पादन कंपनीची माध्यमांची बाजू मी काही वर्षं सांभाळली. पीआर एजन्सी परवडत नव्हती, त्यामुळे प्रेस नोट टाइप करण्यापासून टीव्हीवाल्यांसाठी गेटपास काढण्यापर्यंत सगळं घरचंच होतं. त्यातून एवढं कळलं की ओळखीने फोन उचलला जातो, बातमी लागत नाही. संध्याकाळपर्यंत दोन-तीन बातम्या द्यायच्या असलेल्या बातमीदाराला तुमचा दावा चटकन तपासता आला, तरच तुमचा नंबर लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका गोष्टीसाठी आहेत.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. समजा, तुम्ही भाजीविक्रेत्यांच्या हातगाडीवर बसणारी, विजेशिवाय भाजी थंड ठेवणारी पेटी बनवता.

१. आधी कागद, मग पत्रकार

ही पायरी बहुतेकजण सोडून देतात आणि सगळ्यात महाग हीच पडते.

पेटंट घ्यायचं असेल, तर अर्ज दाखल होण्याआधी पेटीची रचना कुठेही उघड करू नका. पेपरमध्ये नाही, यूट्यूबवर नाही, इन्क्युबेटरच्या 'डेमो डे'च्या इन्स्टाग्राम रीलमध्येही नाही. भारतीय पेटंट कायद्यात नावीन्य ही पहिली अट आहे आणि तुमचीच छापील मुलाखत त्या नावीन्याच्या आड येऊ शकते. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या बाबतींत १२ महिन्यांची सवलत आहे. वर्तमानपत्रातल्या मुलाखतीला ती मिळत नाही. उपाय स्वस्त आहे. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. स्टार्टअपसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, वकिलाचे पैसे वेगळे. त्यानंतर संपूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. पेटीचा आकार, बाहेरचं रूप हेच वैशिष्ट्य असेल, तर डिझाइन नोंदणीचा अर्जही आधीच करा.

अर्ज दाखल झाला की "पेटंटसाठी अर्ज केला आहे" असं सांगा. "पेटंटप्राप्त" म्हणू नका. पेटंट मिळालं नसताना तसं भासवणं हा कायद्याच्या कलम १२० खाली दंडाचा विषय आहे, आणि अर्जाची सद्यस्थिती पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते.

दुसरा कागद गुंतवणुकीचा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि खासगी वाटपाने शेअर देऊन पैसे उभे करत असाल, तर कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२ वाचून ठेवा, निदान सीएला विचारा. अशा वाटपाची माहिती माध्यमांतून सर्वसामान्यांपर्यंत पोचवायला त्यात मनाई आहे. म्हणजे "आम्ही दोन कोटी उभारतोय, इच्छुकांनी संपर्क साधावा" हे मुलाखतीत बोलायचं वाक्यच नव्हे. पैसे आले, शेअर वाटले, मग बोला.

आणि मग बोलायला उशीरही करू नका. वाटपानंतर १५ दिवसांत पास-३ हा फॉर्म कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कुणीही पाहू शकतं. स्टार्टअपचं वार्तांकन करणारे पत्रकार या नोंदी नियमित चाळतात. एंट्रॅकरसारख्या संकेतस्थळांच्या कितीतरी बातम्या याच नोंदींवरून होतात. तुम्ही मोठ्या समारंभाची तारीख शोधत बसता आणि रक्कम, मूल्यांकन, गुंतवणूकदारांची नावं तोवर छापून येतात.

ताळेबंदाचंही तसंच. समजा, पेटीऐवजी तुमचं भाजीविक्रीचं ॲप आहे. त्यावरून वर्षाला पाच कोटींची भाजी विकली गेली आणि त्यातलं कमिशन ४० लाख असेल, तर कंपनीचं उत्पन्न ४० लाख. "पाच कोटींची उलाढाल" असं छापून आणलं, तर निबंधकाकडे भरलेला हिशेब त्याच्या शेजारी ठेवून कुणीतरी उद्या दुसरी बातमी करेल. दोन्ही आकडे द्या आणि कुठला कशाचा ते सांगा.

२. यात बातमी काय, ते एका वाक्यात लिहा

नवी वेबसाइट, नवं ऑफिस, नवा लोगो, कुणाबरोबर तरी झालेला सामंजस्य करार यांचा आनंद तुम्हाला असतो. वाचकाचा त्यात संबंध नसतो. स्टार्टअप इंडियाची मान्यता मिळाली हीसुद्धा बातमी होत नाही. केंद्राच्या उद्योग विभागाचं (डीपीआयआयटी) ते प्रमाणपत्र तुमची कंपनी स्टार्टअपच्या व्याख्येत बसते एवढंच सांगतं. उत्पादन चांगलं असल्याची सरकारी पावती ते नव्हे. "केंद्र सरकारने गौरवले" असा मथळा सुचवू नका. अनुभवी उपसंपादक तिथेच पुढचं वाचणं थांबवतो.

पैसे भरून मिळणाऱ्या पुरस्कारांबद्दल न बोललेलंच बरं.

बातमी कशी असते ते पाहायचं तर पुण्याच्या मायलॅबचं उदाहरण घ्या. मार्च २०२० मध्ये त्यांच्या करोना चाचणी किटला मान्यता मिळाली आणि बीबीसीपर्यंत नाव गेलं. देशात चाचण्या कमी पडत होत्या, किट आयात करावी लागत होती आणि हे पहिलं भारतीय बनावटीचं किट होतं. आयात किटच्या साधारण पावपट किमतीत, निकाल अडीच तासांत. किट बनवणाऱ्या चमूच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले यांनी ते तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला जन्म दिला. नुसतं बाळंतपण असतं तर ती पुरवणीतली कौतुककथा झाली असती. मान्यतेचा सरकारी कागद, तुलना करता येणारी किंमत आणि त्या आठवड्यातली देशाची गरज हे आधी होतं, म्हणून ती जगभर गेली.

तुमच्याकडे महासाथ नाही, ठीक आहे. पेटीचं वाक्य असं होऊ शकतं: "उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत फेकून द्यावी लागणारी पालेभाजी हडपसरच्या विक्रेत्यांना आता दुसऱ्या दिवशी विकता येते." हे खरं असेल आणि दाखवता येत असेल, तरच पुढे जा.

३. दार कुठलं ठोठवायचं

"सगळ्या मीडियाला पाठवलं" म्हणजे कुणालाच पाठवलं नाही.

शहराच्या पानाचा बातमीदार, अर्थ-उद्योगाचा बातमीदार आणि पुरवणीचा संपादक या तीन वेगळ्या व्यक्ती असतात आणि त्यांना लागणारा मालही वेगळा. सकाळ, लोकसत्ता, लोकमत, महाराष्ट्र टाइम्स, पुढारी यांच्या शहर आवृत्त्यांना स्थानिक माणूस आणि स्थानिक परिणाम लागतो. शेतमालाशी संबंध असेल, तर ॲग्रोवनला विसरू नका. तिथे छापून आलेल्या गोष्टीवर शेतकरी थेट फोन करतो, असा माझा अनुभव. तेव्हा फोन उचलायला माणूस बसवूनच बातमी द्या. गुंतवणुकीची बातमी इकॉनॉमिक टाइम्स, मिंट, मनीकंट्रोल, इंक४२ यांच्या कामाची. शहराच्या पानाला तिचं फारसं सोयरसुतक नाही. टीव्हीला हलणारं चित्र लागतं. तुमचं उत्पादन म्हणजे सर्व्हरवरचा कोड असेल, तर वाहिन्यांच्या मागे वेळ घालवू नका.

काम असं करा: आपल्या विषयाजवळच्या बातम्या महिनाभर वाचा आणि कुणाच्या बायलाइनने, म्हणजे बातमीवर छापलेल्या नावाने, येतात ते वहीत टिपा. नाव नसेल तर 'प्रतिनिधी' कोण, हे कार्यालयात फोन करून विचारता येतं. आठ-दहा नावांची खरी यादी, विकत घेतलेल्या पाचशे ईमेल पत्त्यांपेक्षा कामाची.

४. प्रेस नोट

एक पान, चारशे शब्दांच्या आत. मराठी पेपरला मराठीत, इंग्रजीला इंग्रजीत. इंग्रजी नोट यंत्राने मराठीत उतरवून पाठवली, तर पेपरच्या संपादकीय डेस्कवरचा माणूस पहिल्या ओळीत ओळखतो.

बहुतेक नोटा अशा सुरू होतात:

"नावीन्यपूर्ण तंत्रज्ञानाच्या माध्यमातून कृषी मूल्यसाखळीत आमूलाग्र बदल घडवून आणण्याच्या ध्येयाने प्रेरित असलेल्या आमच्या कंपनीने आज एक क्रांतिकारी उत्पादन सादर केले."

यात पेटी कुठे आहे? हेच असं लिहा:

"पुणे: विजेशिवाय भाजी थंड ठेवणारी हातगाडीवरची पेटी पुण्यातील तीन अभियंत्यांनी तयार केली असून, हडपसर भागातील २५ विक्रेते ती एप्रिलपासून वापरत आहेत. पेटीची किंमत नऊ हजार रुपये आहे."

कोण, काय, कुठे, कधीपासून, कितीला, सगळं आलं. (आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुम्ही घाला.) जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणून महत्त्वाचं वर. मग पेटी कशी चालते ते चार ओळींत, मग एका विक्रेत्याचं म्हणणं, मग तुमचं. तुमचं म्हणणं विक्रेत्याच्या आधी घालू नका. शेवटी संपर्कासाठी एका माणसाचं नाव आणि चालू मोबाइल नंबर, जो सायंकाळी उचलला जाईल.

काही बारीक गोष्टी, ज्यांनी चांगल्या नोटा वाया जातात:

- मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये किंवा थेट ईमेलमध्येच द्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर गिचमिड दिसू शकतो. पीडीएफमधून मराठी कॉपी केली की वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. लेटरहेडचा फोटो पाठवलात, तर कुणीतरी तो पुन्हा टाइप करणार अशी अपेक्षा आहे. कुणी करत नाही.
- फोटो मूळ आकारात ईमेलने. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून बारीक होतो आणि छपाईत फुटतो.
- फोटोत पेटी, हातगाडी आणि विक्रेती दिसू द्या. पुष्पगुच्छ देताना रांगेत उभे राहिलेल्यांचा फोटो नको. फोटोखालची ओळ आणि 'डावीकडून' नावं सोबत हवीतच. फोटोतल्या व्यक्तीला तो छापला जाणार हे आधी सांगा.
- नावं देवनागरीत तुम्हीच लिहून द्या. इंग्रजी स्पेलिंगवरून 'साठे'चे 'साथे' झाले, तर दोष डेस्कचा नाही.
- रक्कम लाख-कोटीत. मिलियन डॉलर लिहायचेच असतील, तर शेजारी रुपये.

५. फोल्डर तयार ठेवा

नोट पाठवण्याआधी एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये हे असावं आणि लिंक परवानगी न मागता उघडावी:

- कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक)
- डीपीआयआयटी मान्यतापत्र, असेल तर
- पेटंट वा डिझाइन अर्जाचा क्रमांक आणि तारीख (आतला तपशील नको)
- चाचणीचा अहवाल: कुणी केली, कुठे, किती नमुन्यांवर
- संस्थापकांची चार-चार ओळींची ओळख, शिक्षण आणि आधीच्या नोकऱ्या खऱ्या
- पाच-सहा फोटो, एक छोटा व्हिडिओ
- बोलायला तयार असलेल्या दोन-तीन ग्राहकांची नावं आणि नंबर, त्यांच्या संमतीने

शेवटचा मुद्दा सोन्याचा. हडपसरच्या विक्रेतीने स्वतःहून "आधी रोज दोन-तीन जुड्या गाईला घालायचे" असं सांगितलं, तर तेच वाक्य मथळ्याजवळ जाईल. तिला पढवू नका. बातमीदार रोज माणसांशी बोलतो. पढवलेलं त्याला लगेच कळतं.

चाचणीच्या अहवालाबाबतही जपून. खाद्यपदार्थ किंवा औषधी गुणांचे दावे असतील तर जास्तच. मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रेस नोटमधलं वाक्य पुढे तुमच्याच पाकिटावर आणि संकेतस्थळावर जाऊन बसतं, हे लक्षात ठेवून लिहा.

६. पाठवणं आणि फोन

सकाळी ईमेल, अकरा ते एकच्या दरम्यान एक फोन. सायंकाळी सहानंतर पानं लागत असतात, तेव्हा "माझी नोट मिळाली का" असं विचारणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, पण चांगल्या अर्थाने नाही. फोनवर इतकंच: "नमस्कार, मी अमुक, हडपसरहून. विजेशिवायच्या भाजीच्या पेटीबद्दल मेल केलाय. पेटी आणि विक्रेते दोन्ही प्रत्यक्ष बघता येतील. आत्ता बोलू, की पान छपाईला सुटल्यावर करू?" उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी एक आठवण. त्यानंतर विषय सोडा.

दिवस निवडताना कॅलेंडर बघा. १ फेब्रुवारीचा केंद्रीय अर्थसंकल्प, मार्चमधला राज्याचा, विसर्जन मिरवणूक, निवडणुकीचे निकाल, या दिवशी तुमच्या पेटीला जागा नाही. स्वातंत्र्यदिन, लक्ष्मीपूजन अशा सुट्ट्यांच्या दुसऱ्या दिवशी बरेच पेपर निघत नाहीत. सोमवारच्या अंकाला मात्र रविवारी बातम्यांची चणचण असते. ती जागा नवख्यांची.

एक्सक्लुझिव्ह द्यायची तर एकालाच द्या आणि तसं स्पष्ट सांगा. एकाला "फक्त तुम्हालाच" म्हणून दुसऱ्याला गुपचूप दिलीत, तर दोघंही जातात. पत्रकार रात्री एकत्र चहा पितात. अमुक तारखेआधी छापू नका, अशी अट घालायची असेल, तर माहिती देण्याआधी त्यांचा होकार घ्या. मेलच्या डोक्यावर 'एम्बार्गो' लिहून पाठवलं म्हणून कुणी बांधला जात नाही.

७. पत्रकार परिषद? शक्यतो नको

पुण्यात गांजवे चौकातलं पत्रकार भवन, मुंबईत आझाद मैदानाजवळचा मराठी पत्रकार संघ, अशा ठिकाणी शुल्क भरून परिषद घेता येते. पण जिथे अनेकांना एकाच वेळी प्रश्न विचारायचेत तिथे ती शोभते. पेटीसाठी एकेका बातमीदाराला मार्केट यार्डात नेलेलं बरं. घ्यायचीच असेल, तर व्यासपीठावर दोनच माणसं, प्रास्ताविक पाच मिनिटं आणि भेटवस्तूंच्या पिशव्या नकोत.

८. मुलाखतीत

तुम्ही बोलता ते सगळं छापण्यासाठी आहे, असं धरून चाला. 'ऑफ द रेकॉर्ड' ही बोलण्याआधी दोघांनी मान्य करायची गोष्ट आहे. बोलून झाल्यावर "हे छापू नका हं" म्हणणं ही विनंती ठरते. छापण्याआधी बातमी वाचायला मागू नका, बहुतेक ठिकाणी देत नाहीत आणि मागितल्याचा रागही येतो. "आकडे आणि नावं एकदा फोनवर पडताळून घ्याल का?" हे मात्र चालतं, उलट आवडतं.

माहीत नसेल तर "बघून तासाभरात कळवतो" म्हणा आणि तासाभरात कळवा. प्रतिस्पर्ध्याबद्दल विचारलं तर स्वतःच्या पेटीबद्दल बोला. "आमच्यासारखं जगात कुणीच करत नाही" हे वाक्य तर तोंडातून जाऊच देऊ नका. बातमीदार तिथल्या तिथे मोबाइलवर शोधतो आणि माठाच्या तत्त्वावर चालणारी दुसरी कुठली तरी पेटी त्याला सापडतेच.

९. पैशाची गोष्ट निघाली तर

बातमी आणि जाहिरात हे वेगळे व्यवहार आहेत. अनेक माध्यमसमूह पैसे घेऊन लेख छापतात आणि त्यावर 'ॲडव्हर्टोरिअल', 'प्रायोजित', 'इम्पॅक्ट फीचर' असं काही लिहितात. ते जाहिरात विभागाकडून, बिल घेऊन करायचं काम. पटत असेल तर करा, पण नंतर "अमुक पेपरने आमची दखल घेतली" म्हणून गुंतवणूकदाराला दाखवू नका. जाणकार गुंतवणूकदार कोपऱ्यातला तो बारीक शब्द आधी वाचतो.

तालुक्याच्या ठिकाणी चित्र वेगळं आहे. तिथल्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं असतं आणि वर्धापनदिनाच्या, दिवाळीच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायची जबाबदारीही पुष्कळदा त्याच्यावरच. त्याने जाहिरात मागितली म्हणून तो भ्रष्ट ठरत नाही. बजेटमध्ये बसत असेल तर रीतसर ऑर्डर देऊन, पावती घेऊन द्या. नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. बातमी मात्र त्या बोलण्यात आणू नका. पावतीशिवाय रोख मागणाऱ्याला काहीच देऊ नका, कारण तो पुन्हा येतो.

१०. चुकीचं छापून आलं तर

आधी ठरवा, चूक तथ्याची आहे की तुम्हाला सूर आवडला नाही. सुराबद्दल तक्रार नको.

तथ्याची असेल तर त्याच दिवशी बातमीदाराला फोन करा आणि लगेच लेखी पाठवा: छापलेलं वाक्य, बरोबर वाक्य, पुरावा. संकेतस्थळावरची दुरुस्ती तासाभरातही होऊ शकते, छापील अंकात खुलासा यायला दोन-चार दिवस लागतात. बातमीदाराकडून हललं नाही तर संपादकांना पत्र. ऑनलाइन मजकुरासाठी माध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याने १५ दिवसांत निर्णय द्यावा, अशी तरतूद २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आहे. छापील मजकुरासाठी शेवटचं दार भारतीय प्रेस कौन्सिलचं. तिथे जाण्याआधी संपादकांना लिहिलेलं असावं लागतं, आणि दैनिक-साप्ताहिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत तक्रार करावी लागते. कौन्सिल ताशेरे ओढू शकतं, दंड करू शकत नाही.

बातमी कटू पण खरी असेल, म्हणजे पेटी गळते अशी विक्रेत्यांची तक्रार, पगार थकलेत, एखादा संस्थापक बाहेर पडलाय, तर प्रश्नांची मेल आल्यावर गप्प बसू नका. "प्रतिक्रिया मिळू शकली नाही" ही ओळ वाचकाला कबुलीसारखी वाटते. किती पेट्या गळल्या, किती बदलून दिल्या, उरलेल्या कधीपर्यंत देणार, एवढं तीन वाक्यांत लेखी आणि मुदतीच्या आत पाठवा. अब्रुनुकसानीची नोटीस या टप्प्यावर काढलीत, तर दुसऱ्या दिवशी त्या नोटिशीचीच बातमी होते आणि गळकी पेटी आणखी आठवडाभर पेपरात राहते.